आमची वाटचाल : जळक्या कॅपॅसिटरपासून फिल्टरपर्यंत

सातारा एमआयडीसीत आम्ही २००६ साली शेड घेतली, तेव्हा आत दोन वायंडिंग मशीन, व्हार्निशची टाकी आणि एक ओव्हन एवढंच होतं. मोटार रिवायंडिंग हे आमचं काम. शेतपंप, पिठाच्या गिरण्या, गुऱ्हाळाच्या मोटारी यायच्या. सज्जनगड, ठोसेघर ओलांडून वर गेलं की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागते. ती लहानपणापासून कुणी पाहिलेली नव्हती, आमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. तिच्याशी आपला कधी धंद्याचा संबंध येईल असं वाटलं नव्हतं. तो आला यॉ मोटारींमुळे. पवनचक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवणाऱ्या या छोट्या मोटारी पावसाळी धुक्याने आतून ओल्या व्हायच्या, जळायच्या आणि टेम्पो भरून आमच्या दारात यायच्या.

२०११ च्या उन्हाळ्यात एका मालकाने विचारलं, "टॉवरच्या बुडातल्या पॅनेलचे कॅपॅसिटर सारखे जातायत, बदलून द्याल का?" जुन्या पद्धतीच्या मशीन होत्या त्या. इंडक्शन जनरेटर थेट लाइनला जोडलेला. असा जनरेटर वीज देतो, पण स्वतःच्या चुंबकीकरणासाठी लाइनकडून रिॲक्टिव्ह पॉवर ओढतो, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज. ती भरून काढायला कॅपॅसिटर लागतात आणि वारा वाढेल तशी त्यांची एकेक पायरी, म्हणजे एकेक गट, आत येते. आम्ही चांगल्या कंपनीचे, ६९० व्होल्टचे कॅपॅसिटर बसवून दिले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. पॅनेलचं दार उघडलं तर डब्यांची झाकणं भाकरीसारखी टम्म फुगलेली, खाली तेल ठिबकलेलं. फुकटात बदलून दिले. महिन्याभरात तेही गेले. मग ऐकून घ्यावं लागलं की तुमचा माल डुप्लिकेट आहे. तीन लाख चाळीस हजारांचं बिल अडकलं. त्या वेळी कामगारांचा पगार द्यायला आईने तिच्या पाटल्या काढून दिल्या. हे मी इथे लिहितोय, कारण पुढचं सगळं त्या पाटल्यांवर उभं आहे.

माल डुप्लिकेट नव्हता, याची मला खात्री होती. पण खात्री कागदावर दाखवता येत नाही, म्हणून पुण्याहून पॉवर क्वालिटी ॲनालायझर, म्हणजे विजेच्या लाटेतला बिघाड मोजणारा मीटर, आठवड्याच्या भाड्याने आणला. टॉवरच्या बुडात मीटर लावून दर दहा मिनिटांची नोंद घेत बसलो. बाहेर हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं एवढं धुकं. रात्री वारा वाढला, शेवटची पायरी आत आली आणि पॅनेल घुमायला लागलं. कॅपॅसिटरमधून ठरलेल्या करंटच्या १.८ पट करंट जात होता. हे कॅपॅसिटर १.३ पटीपर्यंत सोसतात. ५० हर्ट्झच्या लाटेवर ३५० हर्ट्झची, म्हणजे सातव्या हार्मोनिकची, मोठी लाट स्वार झालेली होती. मूळ ५० हर्ट्झच्या पटीतल्या अशा उपऱ्या लाटांना हार्मोनिक म्हणतात; सातपट ती सातवी.

आता हे आलं कुठून? या मशीनमध्ये कन्व्हर्टरच नाही. थायरिस्टरचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) सॉफ्ट स्टार्टर असतो, पण तो जनरेटर लाइनला जोडताना काही सेकंदच काम करतो. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की त्याच ३३ केव्ही लाइनवर वर्षभरापूर्वी नव्या मशीन आल्या होत्या, कन्व्हर्टरवाल्या. कन्व्हर्टर डीसी व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून त्यातून एसीची लाट घडवतो. त्या तोडजोडीचा किलोहर्ट्झमधला गोंगाट त्याचा स्वतःचा फिल्टर बराचसा अडवतो. तरीही थोडं पाचवं, सातवं, अकरावं, तेरावं हार्मोनिक लाइनवर सुटतं. नव्या मशीन आपल्या मर्यादेतच होत्या. त्यांनी सोडलेलं सातवं हार्मोनिक अगदी किरकोळ होतं, पण जुन्या मशीनच्या कॅपॅसिटरशी त्याचा सूर जुळला होता, म्हणजे रेझोनन्स होऊन ते अनेक पटींनी वाढत होतं.

हिशोब सोपा आहे. त्या जागेची शॉर्ट सर्किट पातळी (तिथे शॉर्ट झालं तर किती वीज धावेल तो आकडा) कॅपॅसिटरच्या केव्हीएआरने, म्हणजे त्यांच्या रिॲक्टिव्ह पॉवरच्या आकड्याने, भागायची आणि वर्गमूळ काढायचं. जे उत्तर येईल, त्या नंबरच्या हार्मोनिकशी सूर जुळतो. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर दोन्ही धरून आमच्याकडे ९.८ एमव्हीए, म्हणजे ९,८०० केव्हीए, येत होते, सगळ्या पायऱ्या आत असताना कॅपॅसिटर २०० केव्हीएआर. भागाकार ४९, वर्गमूळ ७. शेवटची ५० ची पायरी बाहेर असली की उत्तर आठाच्या आसपास जातं, आणि समतोल थ्री फेज लाइनवर आठवं हार्मोनिक जवळपास नसतंच. म्हणून कमी वाऱ्यात सगळं ठीक आणि जोराच्या वाऱ्यात झाकणं फुगलेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसं आम्ही इतके महिने जळालेला डबा बदलत बसलो होतो.

साइटच्या इंजिनिअर साहेबांना समोर उभं केलं, परमिट घेऊन शेवटच्या पायरीचे फ्यूज काढले आणि मशीन पुन्हा चालू केली. घुमणं थांबलेलं होतं. मीटरवर १.८ चे १.१ झाले. साहेब काही बोलले नाहीत, त्यांनी मोबाइलवर मीटरचा फोटो काढला. दिवाळीच्या आधी बिल मिळालं आणि सोबत रिॲक्टरची, म्हणजे लोखंडी कोअरवरच्या तांब्याच्या कॉइलची, ऑर्डर.

कॅपॅसिटरच्या प्रत्येक पायरीला मालिकेत (सिरीजमध्ये) ७ टक्क्यांचा रिॲक्टर लावला की त्या जोडीचा सूर १८९ हर्ट्झवर येतो, पाचव्या हार्मोनिकच्याही खाली. मग पाचवं-सातवं त्यात अडकत नाही. मात्र रिॲक्टरमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज ६९० वरून ७४२ पर्यंत चढतं. त्यामुळे जुनेच डबे ठेवून नुसता रिॲक्टर जोडला तर ते पुन्हा मरतात. आम्ही ८०० व्होल्टचे घातले.

आमच्या शेडमध्ये रिॲक्टरला चोकच म्हणतात. पहिला चोक आमच्या वायंडर मामांनी गुंडाळला, रिवायंडिंगमध्ये त्यांची हयात गेलेली. चाचणीला लावला आणि दोन तासांत क्लॅम्पच्या बोल्टवरचा रंग तपकिरी झाला. कॉइल मात्र बेताचीच गरम. मामा बोल्टजवळ तळहात धरून म्हणाले, "मालक, गरमी तांब्याची न्हाई, फटीची हाय." बरोबर होतं त्यांचं. कोअरमध्ये आम्ही एकच मोठी एअर गॅप, म्हणजे फट, ठेवली होती; तिथे चुंबकीय प्रवाह बाहेर फुगतो आणि शेजारच्या लोखंडाला तापवतो. मग तीच गॅप अनेक छोट्या गॅपमध्ये वाटली, प्रत्येकीत ग्लास इपॉक्सीची पट्टी घातली, बोल्ट स्टेनलेसचे केले, कॉइल गॅपपासून मागे सरकवली. तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक चोक १.८ पट करंटवर तपासूनच बाहेर जातो. तिथे त्याचं इंडक्टन्स ५ टक्क्यांहून जास्त पडलं तर कोअर सुटा करून पुन्हा बांधायचा. त्याने उशीर होतो, ग्राहक रागावतात, तरी यात मी सूट देत नाही.

पुढे कन्व्हर्टरचेच फिल्टर दुरुस्तीला येऊ लागले. इंडक्टर, कॅपॅसिटर आणि पुन्हा इंडक्टर अशी त्यांची रचना. फिल्म कॅपॅसिटर वर्षानुवर्षं गुपचूप झिजतो. आत बारीक ठिणगी पडते, तेवढा धातूचा थर उडतो, तो स्वतःला सावरतो आणि कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची ताकद, किंचित घटतं. ते २० टक्क्यांनी घटलं की फिल्टरचा सूर साधारण १२ टक्क्यांनी वर सरकतो आणि फिल्टरचं घुमणं दाबणारा डॅम्पिंग रेझिस्टर काळा पडायला लागतो. बाहेरून डबा कोरा करकरीत दिसतो, म्हणून डोळ्यांवर भरवसा न ठेवता कपॅसिटन्स मोजणारा एलसीआर मीटर लावावा लागतो. महागडा ॲक्टिव्ह फिल्टर (उलटा करंट सोडून हार्मोनिक मारणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) मागायला आलेल्या काही ग्राहकांना आम्ही नुसते झिजलेले कॅपॅसिटर बदलून परत पाठवलं आहे.

नियमांचंही एक सांगायचं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रिड जोडणीच्या मानकांत २०१३ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पवन ऊर्जा केंद्राने सोडलेला हार्मोनिक करंट आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मर्यादेत हवा आणि वर्षातून निदान एकदा मोजला पाहिजे. बरेच जण ही मोजणी मार्च-एप्रिलमध्ये उरकतात, कारण तेव्हा वर जायला रस्ता कोरडा असतो. पण आपल्या पठारांवर खरा वारा जून ते सप्टेंबर. सगळ्या पायऱ्या आत येतात त्या तेव्हाच. आम्ही जुलैचा आग्रह धरतो, मग रेनकोट घालून चिखलातून मीटर उचलून न्यावा लागला तरी.

आता जुन्या मशीन काढून तिथे मोठ्या बसवण्याचं वारं आहे. केंद्राचं रिपॉवरिंगचं धोरण २०१६ साली आलं, २०२३ मध्ये नव्याने आलं. म्हणजे आम्हाला ज्यांनी हा धंदा शिकवला त्या कॅपॅसिटर बँका हळूहळू जातील आणि सगळीकडे कन्व्हर्टर येतील. जमिनीखालून गेलेल्या लांबलचक ३३ केव्ही केबलींचं स्वतःचं कपॅसिटन्स असतं, त्यामुळे तिथला सूर पुन्हा वेगळा जुळणार. त्यासाठी गेल्या वर्षी कर्ज काढून स्वतःचे दोन ॲनालायझर घेतले. मामा आता बसूनच काम सांगतात, त्यांचा नातू आयटीआय करून आमच्याकडे लागला आहे. यंदा पठारावरच्या अकरा टॉवरचे फिल्टर कॅपॅसिटर तोच मोजून आला. सात राहिलेत, पहिला पाऊस पडायच्या आत ते संपवायचे आहेत.