पाच मीटर वायर

दुपारी गाणं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन लावून ऐकायला बसले, तर दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी खर्ज लावून बसलेलं. खोलीत मी एकटीच. शोधता शोधता हात टेबलावरच्या हार्ड डिस्कवर पडला. ती थरथरत होती.

आतल्या तबकडीचे मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. १२० हर्ट्झ ही पुरुषी आवाजाची अगदी हक्काची जागा. ५४०० फेऱ्यांची डिस्क आणली तर ती ९० वर घुमते. कुणी न सांगता जुळवलेला तानपुराच, फक्त गाण्याच्या पट्टीशी त्याचं देणंघेणं नाही.

एक्स्टर्नल डिस्क घ्यायची म्हटलं की घरी गाणी करणारी मंडळी पोर्टवरून, म्हणजे ती कॉम्प्युटरला कुठल्या खाचेतून जोडायची यावरून, हमरीतुमरीवर येतात. यूएसबी की थंडरबोल्ट? त्यात एखादा फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीसाठी उसासा टाकतोच. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचा आवाज, सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. असे २४ ट्रॅक एकदम वाजले तरी साडेतीन मेगाबाइटच्या आत. २००० साली आलेलं यूएसबी २.० कागदावर ६० मेगाबाइट देतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरा, तरी पुरून उरतं. सॅम्पल केलेला, म्हणजे खऱ्या पियानोचे सूर सुटेसुटे रेकॉर्ड करून बनवलेला पियानो वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हजारो बारक्या फायली शोधताना डिस्क वाचणाऱ्या हेडची दमछाक होते. पण त्यात बिचाऱ्या पोर्टचा काय दोष?

मी विचारते वायरीची लांबी. दुकानदाराला हा प्रश्न विक्षिप्त वाटतो. यूएसबी २.० ची वायर पाच मीटरपर्यंत चालते, म्हणजे डिस्क सरळ पलीकडच्या खोलीत. फायरवायरला साडेचार, ईसाटा या आणखी एका जोडणीला दोन. आणि ४० गिगाबिटच्या थंडरबोल्ट ३ ला साधी तांब्याची वायर असेल तर मीटरभरही नाही. एवढा वेग घ्यायचा आणि डिस्क माइकच्या कुशीत ठेवायची!

हा घुमारा माझ्या ओळखीचा आहे म्हणा. लहानपणी आमच्या टेपरेकॉर्डरला माइक आतच होता. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम दाबायची आणि घरभर सगळ्यांना ‘श्श’ करायचं. सगळे श्वास रोखून गप्प, मोटर तेवढी बोलत राहायची. रेकॉर्डरखाली उशी ठेवून बघितली, चादरीची घडी ठेवून बघितली. मोटर आतच, माइकही आतच, उशी काय करणार? आजोबांना कविता म्हणायला बसवलं होतं. ते ‘सुरू झालं का?’ एवढंच पुन्हापुन्हा विचारत राहिले. कविता राहिलीच, ‘सुरू झालं का’ मात्र मोटरसकट फार सुरेख आलंय.

एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, घेतली की हा सगळा प्रश्नच मिटतो, हे मलाही कळतं. तिच्यात फिरणारं काही नाहीच. घेईन. मग लॅपटॉपचा पंखा ऐकू यायला लागेल.