जुन्या ट्रकच्या केबिनमधला गार वारा शोधताना

हीटर पूर्ण चालू, पायात दोन-दोन मोजे, आणि तरी क्लचवरचा पाय तासाभरात बधिर. दाराकडच्या कानाशी काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शीळ. माझा ट्रक तिशीला आलेला, पुढे बॉनेट असलेला. थंडीत हे असंच चालायचं म्हणून मी दोन हिवाळे काढले. तिसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या सीटवरून धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हीटर बंद कर, निदान डिझेल वाचेल." तेवढं मात्र जिव्हारी लागलं.

(हीटर बंद केल्याने डिझेल वाचत नाही, तो इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. हे त्याला तेव्हाच सांगितलं, त्याने ऐकलं नाही.)

पहिला संशय अर्थात हीटरवरच गेला. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट (इंजिनातली उष्णता हीटरपर्यंत नेणारं द्रव) पाहिलं, पातळी बरोबर. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागल्या. एक गरम आणि दुसरी कोमट असती, तर हीटरच्या जाळीत गाळ धरला असता. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला की इंजिन नीट तापतच नाही. माझा काटा नेहमीच्या जागी येत होता. मग साधा थर्मामीटर घेऊन बसलो. बाहेर ६ अंश, डॅशच्या जाळीतून येणारी हवा ५४ अंश, आणि क्लचच्या पेडलाजवळ जमिनीवर ११. म्हणजे हीटर आपलं काम करत होता, आणि कुठूनतरी शिरणारा वारा ते पुसून टाकत होता.

यापुढे मी जे केलं ते कुणी करू नये. जाडसर चिकट फोमची पट्टी आणली आणि दाराच्या चौकटीला सगळीकडून डकवली, जुन्या रबराच्या वरूनच. दार आपटल्याशिवाय लागेना. लागलं तरी खालून फोमने रेटल्यामुळे वरची चौकट बाहेर ढकलली गेली आणि शीळ दुप्पट झाली. ती पट्टी काढायला पाच मिनिटं लागली, तिचा डिंक खरवडायला अख्खी दुपार गेली.

त्यानंतर शहाण्यासारखा कागद घेतला. बोटभर रुंदीची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि कागद ओढायचा. चांगलं रबर कागद धरून ठेवतं, सैल असेल तर तो अलगद सुटून येतो. दर वीतभर अंतरावर हे केलं आणि सुटला तिथे खडूने खूण. बिजागऱ्यांकडे आणि खाली सगळीकडे कागद घट्ट, पण मागचा वरचा कोपरा आणि लॉकच्या आसपासचा हातभर भाग पूर्ण मोकळा. रबर बरं दिसत असूनही असं का, हे दार अर्धवट उघडून कडेला धरून वर उचललं तेव्हा कळलं. टक् असा आवाज आला आणि दार चांगलं बोटाच्या पेराएवढं वर गेलं. बिजागरीच्या पिना आणि बुश (पिनेभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजले होते. दार लोंबकळत होतं, चौकटीवरचा लॉकचा खुंटा ते कसंबसं उचलून धरत होता.

म्हणून क्रम असा: आधी बिजागरी, मग लॉकच्या खुंट्याची जागा, आणि रबर सगळ्यात शेवटी. लोंबणाऱ्या दाराला नवं रबर लावलं तर तेही तसंच वाकडं दबतं. बुश बदलले, खुंटा किंचित आत घेतला, आणि मग पत्र्याच्या कडेवर ठोकून बसवायचं रबर लावलं. त्याचा जोड मी खालच्या बाजूला ठेवला. वर ठेवला असता तर पावसाचं पाणी तिथूनच आत आलं असतं. कोपऱ्यात रबर ताणायचं नाही, उलट थोडं सैल सोडून आत रेटायचं; ताणलेलं कोपऱ्यावर चपटं होतं.

शीळ निम्म्यावर आली, पण पाय गारच राहिला.

रात्री दुसरी तपासणी केली. मी केबिनमध्ये अंधारात, भाऊ बाहेर बॉनेट उघडून टॉर्च घेऊन. तो इंजिनाच्या बाजूने पत्र्याच्या भिंतीवर उजेड फिरवत होता आणि मी डॅशखाली मान वाकडी करून आडवा. बराच वेळ काही नाही. मग स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी सुईसारखी एक तिरीप आली आणि तिच्या थोडं वर चांगलं रुपयाएवढं भोक उजळलं. कुणीतरी कधीकाळी तिथून वायर नेली होती, पुढे ती काढली, आणि भोक तसंच राहिलं. त्याला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं बूच, ठोकलं. बारीक फटीत ब्यूटाइलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी दाबली, ती कडक होत नाही आणि उद्या वायर काढायची झाली तर सुटते. ही भिंत फक्त थंडीसाठी बंद करायची नसते. पलीकडे इंजिन आहे, सायलेन्सरचा पाइप आहे. एखादा जोड गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड याच भोकांतून आत येतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून त्याच दिवशी सायलेन्सरचे जोडही पाहून घेतले.

उजेड मात्र सरळच जातो, वारा वळणं घेतो. त्यामुळे जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढलेत तिथे टॉर्च खोटी ग्वाही देते. तिथे उदबत्ती चालते. वारा नसलेल्या दिवशी सगळ्या काचा बंद करून ब्लोअर (हीटरचा पंखा) बाहेरच्या हवेवर पूर्ण सोडायचा, म्हणजे केबिन आतून फुगते, आणि मग बाहेरून फटीफटीने धूर फिरवायचा. धूर झटकला गेला की तिथे गळती. गिअर लिव्हरचा रबरी बूट बुडाशी चिरलेला निघाला, तो बदलला. दाराचं आतलं कव्हर काढलं तर मागे असायला हवा तो प्लास्टिकचा कागदच नव्हता. दाराच्या पोटात शिरलेला वारा हँडलच्या भोकातून थेट गुडघ्यावर येत होता. जाड प्लास्टिक कापून लावलं, खालची कड दाराच्या आत वळवली म्हणजे पाणी आतल्या आत उतरतं. दाराच्या तळाची भोकं तशीच ठेवली. ती पाणी जाण्यासाठी असतात. बुजवली की दार खालून सडतं.

उभ्या गाडीत आता सगळ्या चाचण्या पास होत होत्या. रस्त्यावर निघालो, वेग धरला, आणि क्लचवरचा पाय पुन्हा गार.

इथे माझं डोकं बंद पडलं होतं, भावाने काढलेल्या युक्तीने ते चालू झालं. त्याने एका काडीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधला आणि चालत्या गाडीत शेजारी बसून तो जागोजागी धरत गेला. काचेच्या वरच्या कोपऱ्यात, जिथून वारा आत येतो असं मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होतो, तिथे धागा बाहेरच्या दिशेला ओढला गेला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो, म्हणजे तो बघत राहिला, मी रस्त्याकडे. शीळ होती ती बाहेर जाणाऱ्या हवेची.

विचार केल्यावर ते उलगडलं. धावत्या गाडीच्या पुढच्या काचेच्या बुडाशी हवा तुंबते आणि दाब वाढतो. पुढच्या खांबावरून वळून ती बाजूच्या काचांवरून सुसाट जाते, तिथे दाब कमी होतो. कमी दाब केबिनमधली गरम हवा वरच्या फटींतून शोषून घेतो, आणि तेवढीच गार हवा खालून, पुढून आत येते. वेग ४० वरून ८० झाला की हा दाब चौपट होतो. उभ्या गाडीत यातलं काही दिसणार कसं?

मग पुढच्या काचेखालची, वायपरजवळची जाळी, जिथून हीटर बाहेरची हवा घेतो, ती कागदी टेपने पूर्ण झाकली आणि एक फेरी मारली. पाय गरम! टेप काढून पुन्हा फेरी, पाय गार. हीटरच्या डब्यात बाहेरची हवा अडवणारी एक झडप असते. बटण 'आतली हवा'वर ठेवलं की ती मिटायला हवी. डबा सोडवला, झडप बाहेर काढली. तिच्या कडेचा फोम बोट लावताच तपकिरी भुकटी होऊन मांडीवर सांडला. वर तिची केबल क्लिपमध्ये सेंटिमीटरभर सरकलेली. बटण शेवटपर्यंत गेलं तरी झडप करंगळीएवढी उघडीच राहायची. फोमच्या भोकांतून आणि त्या फटीतून येणारा वारा हीटरच्या गरम जाळीला वळसा घालून सरळ पायांवर उतरत होता.

नवा फोम लावला, बंद पेशींचा, म्हणजे पाणी शोषत नाही तो. केबल पुढे ओढून क्लिप आवळली. डबा परत लावताना एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलेलं नाही.

जाता जाता एक जागा सांगून ठेवतो. सीटमागच्या भिंतीत पातळ रबराची एक पडदी होती. तिलाही ब्यूटाइल चोपडणार होतो, पण आधी बोटाने ढकलून पाहिली. ती बाहेर उघडते, आत उघडत नाही. दार लावताना दबलेली आणि ब्लोअरने भरलेली हवा तिथूनच बाहेर जाते. ती बुजवली असती तर दार लागताना कानठळ्या बसल्या असत्या आणि काचांवर सतत वाफ धरली असती. कड मुडपली होती म्हणून पडदी तेवढी नवी लावली. केबिन घट्ट झाल्यापासून 'आतली हवा' फार वेळ ठेवली तरी काचा धुरकट होतात, मग बाहेरची थोडी घेतो.

पुढच्या खेपेला बाहेर पुन्हा ६ अंश होते. क्लचजवळचा थर्मामीटर १९ दाखवत होता. मोजे एकच जोडी.

दुसऱ्या दाराचं रबर आणून ठेवलंय, पण डब्यातून घड्या पडलेलं आलं, म्हणून सीटमागे सैल वेटोळं करून सरळ होऊ देतोय. तोवर त्या बाजूची शीळ भावाच्या वाट्याला.