घरच्या साबणासाठी साहित्य निवडताना

खोबरेल तेलाच्या १०० ग्रॅमचा साबण व्हायला साधारण १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ऑलिव्ह तेलाच्या १०० ग्रॅमला लागतो १३.५ ग्रॅमच्या आसपास. घरी साबण करायचं ठरवल्यावर हे दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि पुढची सगळी खरेदी त्यांच्या धाकाने केली. अर्धा किलो तेलाला हा फरक २४ ग्रॅमवर जातो. खोबरेल समजून हिशेब केला आणि बाटलीत दुसरंच तेल निघालं, तर तेवढा सोडा वडीत मोकळा राहणार आणि अंगाला चटका देणार. उलट झालं तर वडी तेलकट, मऊ आणि लवकर खवट होणारी. स्वयंपाकात एक तेल संपलं तर दुसऱ्यावर भागतं, इथे भागत नाही. त्यामुळे कुठलाही जिन्नस हातात घेतल्यावर ‘हे चांगलं आहे का’ याच्याआधी ‘हे नक्की काय आहे’ हे विचारायची मला सवय लागली.

तयार बेस वितळवून साच्यात ओतायचा सोपा मार्गही असतो. त्यात सोडा हाताळावा लागत नाही, लहान मुलांनाही सोबत घेता येतं. पण त्या बेसमधली तेलं कुणीतरी आधीच निवडलेली असतात आणि मला तीच निवडायची होती. म्हणून मी कोल्ड प्रोसेसकडे, म्हणजे तेल आणि सोड्याचं द्रावण न शिजवता मिसळून साबण करण्याकडे वळले.

तेल म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडणी. सोडा ही जोडणी तोडतो. मेदाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होऊन वडीतच राहतं. म्हणजे वडीचा स्वभाव ठरतो तो तेलात कोणतं मेदाम्ल किती आहे यावर. हे समजलं तेव्हा तेलांची लांबलचक यादी एकदम आवाक्यात आली. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याने वडी टणक होते, फेस भरभरून येतो, अगदी खाऱ्या पाण्यातसुद्धा येतो. पण प्रमाण वाढलं की त्वचा कोरडी पडते, म्हणून एकूण तेलाच्या २५ टक्क्यांवर मी ते थांबवलं. ऑलिव्हमध्ये मुख्यतः ओलिक आम्ल. साबण सौम्य होतो, मात्र फेस कमी आणि थोडा बुळबुळीत. नुसत्या ऑलिव्हची वडी खऱ्या अर्थाने चांगली व्हायला महिनोन् महिने वाट पाहावी लागते. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि ते दुसऱ्या तेलांनी आणलेला फेस टिकवून धरतं. ते ५ टक्के पुरतं. जास्त घातलं तर वडी चिकट होते. शिया बटरमध्ये, म्हणजे शिया झाडाच्या बियांतून काढलेल्या घट्ट चरबीत, स्टिअरिक आणि ओलिक ही दोन प्रमुख, शिवाय सोड्याशी अभिक्रिया न होणारा भागही इतर तेलांपेक्षा बराच जास्त असतो. तो वडीत तसाच उरतो आणि हाताला जाणवतो.

पाम तेलावर मी बराच विचार केला. साबणासाठी ते गुणी आहे. पामिटिक आम्लामुळे वडी घट्ट होते, लवकर झिजत नाही, आणि बाजारातल्या अनेक साबणांचा पाया तेच असतं. पण इंडोनेशिया आणि मलेशियात पामच्या लागवडीसाठी जंगलं तोडली गेली हेही खरं आहे. शाश्वत पाम तेलाला प्रमाणपत्र देणारी आरएसपीओ ही संस्था २००४ पासून आहे आणि तिचा शिक्का पाहून पाम घेणारे लोक विचारपूर्वकच घेतात. मी मात्र पाम नको, शिया बटर वापरायचं असं ठरवलं. वडीचा टणकपणा थोडा कमी झाला. क्युअरिंगला, म्हणजे वडी वाळत-मुरत ठेवायला, दोन आठवडे जास्त दिले की तो भरून निघतो.

यानंतर खरं काम सुरू झालं ते लेबलं वाचण्याचं. सूर्यफुलाचंच घ्या. बाटलीवर पुढून फक्त ‘सूर्यफूल तेल’ लिहिलेलं असतं, पण आत दोन अगदी वेगळ्या स्वभावांची तेलं असू शकतात. एकात लिनोलिक आम्ल भरपूर, दुसऱ्यात ओलिक. लिनोलिकचं प्रमाण फार झालं की वडी लवकर खवट होते, तिच्यावर नारिंगी डाग उठतात आणि जुन्या तेलाचा वास येतो. हे ओळखायचं बाटलीच्या मागच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यावरून. मोनोअनसॅच्युरेटेड फॅट पॉलिअनसॅच्युरेटेडपेक्षा कितीतरी जास्त असेल तर ते हाय-ओलिक तेल. मला तेच हवं होतं. हा तक्ता खाणाऱ्यांसाठी छापलेला असला तरी साबण करणाऱ्याला त्याचा उपयोग फार मोठा आहे.

ऑलिव्हच्या बाटलीवरचं ‘लाइट’ म्हणजे चरबी कमी नव्हे. ते रिफाइन केलेलं, फिक्या रंगाचं आणि सौम्य वासाचं तेल असतं. साबणाला ते उत्तम चालतं. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल सोड्यात ओतायची काहीच गरज नाही, त्याचा सुवास आणि नाजूक घटक तिथे फारसे टिकत नाहीत. पोमेस म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यातून काढलेलं तेल. तेही चालतं, मात्र मिश्रण लवकर दाट होतं, म्हणून हात चपळ हवा. ‘ब्लेंडेड’ लिहिलेली बाटली मी परत ठेवून द्यायचे, कारण कोणत्या तेलाचा किती भाग हे नेमकं कळल्याशिवाय सोड्याचा हिशेबच मांडता येत नाही. केसांना लावायच्या सुगंधी तेलांचंही तसंच. त्यांतल्या काहींमध्ये मिनरल ऑइल असतं, त्यात मेदाम्लं नसतातच आणि त्याचा साबण कधीच होत नाही. ‘फ्रॅक्शनेटेड’ खोबरेल हे खोबरेलाचा काही भाग वेगळा काढून केलेलं तेल असतं आणि त्याला सोडा नेहमीच्या खोबरेलापेक्षा बराच जास्त लागतो. ‘अवोकाडो बटर’, ‘बदाम बटर’ अशी मोहक नावं दिसली की मी घटक वाचते. बहुतेक वेळा त्यात मूळ तेलाबरोबर हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. ते वाईट नसतं, फक्त त्याचा सोड्याचा आकडा वेगळा असतो.

मला सर्वात जास्त उपयोग झाला तो विक्रेत्याकडून मिळणाऱ्या विश्लेषण प्रमाणपत्राचा. साबणासाठी कच्चा माल विकणारे बरेच जण मागितल्यावर ते पाठवतात. त्यात सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू दिलेली असते. एक ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो हा आकडा. आपण वडीसाठी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा वापरतो, म्हणून त्याला १४०३ ने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे एक ग्रॅम तेलाला लागणारा सोडा, ग्रॅममध्ये. खोबरेलाचा आकडा २५७ असेल तर उत्तर ०.१८३ येतं, ऑलिव्हचा १८९ असेल तर ०.१३५. म्हणजे पुस्तकातली सरासरी बाजूला ठेवून हातातल्याच तेलाचा हिशेब करता येतो. आकडा नेहमीच्या टप्प्याबाहेर असला तर विक्रेत्याला विचारायला कारणही मिळतं. प्रमाणपत्र विनातक्रार पाठवणाऱ्याकडूनच घ्यायचं असा मी नियम केला, भाव थोडा चढा असला तरी.

ताजेपणा कागदावर दिसत नाही. त्यासाठी उत्पादनाची तारीख बघावी, झाकण उघडून वास घ्यावा आणि उजेडात ठेवलेली पारदर्शक बाटली टाळावी. मोठा डबा स्वस्त पडतो, पण महिनाभरात जेवढं संपेल तेवढंच तेल मी घेते. वडी पुढे कित्येक महिने टिकायला हवी असेल तर तिच्यात जाणारं तेल निम्मं आयुष्य आधीच काढून आलेलं असून चालणार नाही.

आता सोडा. इथे मी कुठलीच तडजोड केली नाही आणि कुणी करू नये असं अगदी मनापासून वाटतं. डब्यावर ‘सोडियम हायड्रॉक्साइड’ हे पूर्ण नाव हवं, शुद्धता टक्क्यांत लिहिलेली हवी आणि दुसरा कुठलाही घटक नको. नाली साफ करायच्या पावडरीत सोडा असतोच, पण काहींमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडेही घातलेले असतात. पाण्यात पडल्यावर सोडा आणि ॲल्युमिनियम मिळून हायड्रोजन वायू सुटतो. तो पेट घेणारा आहे. त्याच कारणाने ॲल्युमिनियमचं भांडंही चालत नाही, स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं घ्यावं. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांनी अशी वडी होत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा डबा दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याने मऊ किंवा द्रव साबण होतो आणि प्रमाणही वेगळं लागतं.

सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषून घेतो. झाकण सैल राहिलेल्या डब्यातले दाणे एकमेकांना चिकटतात. मग वजनकाट्यावर १०० ग्रॅम दिसले तरी त्यात सोडा १०० ग्रॅम उरलेला नसतो. म्हणून मी लहान, सीलबंद डबे घेते आणि गुठळ्या झालेला डबा साबणाला वापरत नाही. डबा कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी. चष्मा आणि हातमोजे यांना मी साहित्यातच धरते. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कधीही सोड्यावर ओतायचं नाही. द्रावण उकळीच्या जवळ तापतं आणि वाफ घशाला लागते, त्यामुळे खिडकी उघडी हवी. ‘सोडाविरहित साबण’ असं कुठे वाचलं तर एवढं समजावं की कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीशिवाय साबण बनतच नाही. नीट केलेल्या, नीट मुरलेल्या वडीत तो मोकळा उरलेला नसतो, इतकंच.

पाण्याचा निर्णय चटकन झाला. डिस्टिल्ड पाणी. नळाच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढुरका थर करतात, आणि लोह किंवा तांब्याचे अंश तेल खवट व्हायला मदत करतात.

सुगंधाच्या बाबतीत मोह खूप असतो. अंगावर फवारायचं अत्तर साबणात घालू नये, त्यातल्या अल्कोहोलने मिश्रण भांड्यातच गच्च होऊ शकतं. साबणासाठीचं फ्रेग्रन्स ऑइल घ्यायचं तर विक्रेत्याकडे आयएफआरए, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसारचं प्रमाणपत्र मागावं. त्यात धुऊन टाकायच्या उत्पादनांचा वर्ग ९ असतो, वडी त्यात मोडते आणि कमाल प्रमाण तिथे टक्क्यांत दिलेलं असतं. व्हॅनिलिन असलेल्या सुगंधाने वडी काही दिवसांत तपकिरी पडते, हे आधीच माहीत असलं तर तो रंगही छान वाटतो. वनस्पतींची अर्कतेलं निवडताना ती नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं धरून चालू नये. लवंग आणि दालचिनीची तेलं त्वचेला झोंबतात, शिवाय मिश्रण झपाट्याने घट्ट करतात. लिंबू-संत्र्याचा वास क्युअरिंगमध्येच उडून जातो. लॅव्हेंडर समजूतदार आहे, सोड्यात टिकतं आणि घाई करत नाही. एकूण तेलाच्या ३ टक्क्यांवर मी कुठलंच सुगंधी तेल नेत नाही, बहुतेकांना त्याहून कमी ठेवते. पहिला घाणा बिनवासाचाच करावा असं मी आग्रहाने सांगेन, म्हणजे तेलांचा मेळ कसा जमला ते स्वच्छ कळतं.

रंगाचं थोडक्यात. बिटाचा गुलाबी सोड्यात तपकिरी होतो, हळद आधी लालसर होते आणि पुढे उजेडात फिकी पडते. आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन आणि कॉस्मेटिक दर्जाच्या माती टिकतात. मला वडी तिच्या तेलांच्याच रंगाची आवडते, म्हणून फार तर चमचाभर पांढरी केओलिन माती.

एक किलो तेलासाठी माझं ठरलेलं प्रमाण असं: ऑलिव्ह ४५० ग्रॅम, खोबरेल २५०, शिया बटर १५०, हाय-ओलिक सूर्यफूल १००, एरंडेल ५०. यांना एकत्रित सुमारे १४५.६ ग्रॅम सोडा लागतो. त्यातून ५ टक्के कमी करून मी १३८ ग्रॅम घेते, म्हणजे थोडं तेल साबण न होता वडीत राहतं आणि मोकळा सोडा उरायची भीती नसते. हे आकडे माझ्या तेलांचे आहेत. तुम्ही तुमच्या तेलांचे मांडून घ्या आणि काटा एक ग्रॅमपर्यंत अचूक असू द्या.

वडी कुणाला द्यायची असेल तर वेष्टनावर मी सगळी तेलं, सुगंधाचं नाव आणि ओतल्याची तारीख लिहिते. शिया आणि बदाम ही सुकामेव्याच्या जातीची फळं, सुकामेव्याची ॲलर्जी असलेले काही जण ती टाळतात. लिनालूल हा लॅव्हेंडरमधला घटकही काहींच्या त्वचेला सोसत नाही. अशा घरांसाठी शिया वगळून कोको बटर आणि सुगंध अजिबात नाही, असा एक वेगळा घाणा करते. कोको बटरचा सोड्याचा आकडा ०.१३७ आहे, शियाचा ०.१२८. त्यामुळे त्या घाण्याचा हिशेब वहीत वेगळ्या पानावर आहे.