आमची वाटचाल: डाळ मिल आणि हजेरीचा दर

लातूरच्या एमआयडीसीत वडिलांनी डाळ मिल सुरू केली, तेव्हा दोन रोलर, एक चाळणी आणि वाळवणापुरतं मोकळं अंगण एवढंच होतं. आज रंगावरून दाणे निवडणारं सॉर्टेक्स मशीन आहे, तुरीबरोबर हरभराही चालतो. पण मला मजुरीबद्दल लिहायचंय. मिल टिकली ती चांगल्या माणसांमुळे आणि माणसं टिकली ती हजेरीच्या दरामुळे, असं माझं ठाम मत आहे.

किमान वेतन कायदा 1948 सालचा. त्याच्या मूळ अनुसूचीत मोजकेच धंदे होते: विडी, तेलगिरण्या, खडी फोडणं, कातडी कमावणं. कामगार विखुरलेले आणि पिळवणूक जास्त, अशी ही कामं. त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर तांदूळ, पीठ आणि डाळ गिरण्या होत्या. म्हणजे आमचा धंदा पहिल्यापासूनच या कायद्याखाली. बाकीचे धंदे राज्यांनी हळूहळू जोडत नेले.

वडील भरडाईचा दर काढायला बसले की कागदावर सगळ्यात वर मजुरी लिहायचे. मूळ वेतन, मग महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. वीज, बारदाना, घट हे सगळं त्याच्याखाली. मीही तसंच करतो. भाव पडला की आधी हजेरीवर हात मारायचा, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही.

दुष्काळात याची खरी कसोटी लागते. गेटवर माणसं उभी राहतात आणि म्हणतात, "मालक, काहीबी द्या, पण काम द्या." त्यावर एका शेजाऱ्याने मला सल्ला दिला होता, "ते स्वतःच कबूल आहेत, तर तुझं काय जातं?" पण कमी मजुरीचा असा करार कायद्याने रद्दच ठरतो, मजुराने खुशीने अंगठा दिला तरी. राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली सांगितलं, की किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणं ही वेठबिगारीच आहे. काम दिलं हेच उपकार, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक मालकाने तो निकाल समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कागदावर नीट बसत नाही, ती म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल ही वर्गवारी. रोलरवर तुरीच्या दाण्याला ओरखडे पाडून तेल चोळलं, की ढीग रात्रभर मुरतो, मग उन्हात पसरतो. माल वाळला की नाही, ते आमच्या मावशी सांगतात. दाणा दाताखाली धरतात. कडकन फुटला तर भरडायला घ्या, दबला तर अजून एक ऊन. हा अंदाज चुकला की डाळीचा चुरा होतो आणि सगळा माल चुणीच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या, भावात जातो. अशा बाईला अकुशल कसं म्हणायचं? बऱ्याच मिलमध्ये म्हणतात. आमच्या पगारपत्रकात त्यांची नोंद कुशलमध्ये आहे.

किमान म्हणजे किती, याचाही विचार जुना आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाची तीन खाणारी माणसं धरली, प्रत्येकी 2700 कॅलरी, वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण. मुलांचं शिक्षण आणि औषधपाणी यांसाठी आणखी 25 टक्के धरावेत, असं न्यायालयाने 1991 साली म्हटलं. हा हिशेब लातूरच्या आजच्या घरभाड्याला लावून पाहा. जाहीर दर फार उदार आहे असं कुणी म्हणणार नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता लागू झाली आहे. अनुसूचीची अट गेली, त्यामुळे यादीत नाही म्हणून सुटणारी कामंही आता आत आली. देशासाठी तळाचा दर केंद्राने ठरवायचा आणि कुठल्याही राज्याने त्याच्याखाली जायचं नाही. आम्हाला हे हवंच होतं. मजुरी कापून स्वस्त भरडाई देणाऱ्याशी आम्ही वर्षानुवर्षं झगडलो आहोत. आता तपासणी नेमाने व्हावी, आणि ती आमच्या मिलपासून सुरू झाली तरी हरकत नाही.