सहा बाय चारचा पडदा

23 ऑगस्ट 2023. संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरणार होता आणि तालुक्यातल्या एका शाळेला ते सगळ्या मुलांना एकत्र दाखवायचं होतं. प्रोजेक्टर माजी विद्यार्थ्यांच्या बॅचने भेट दिलेला, कोरा करकरीत, एका हातात मावणारा. साउंड आणि प्रोजेक्टर बसवणं हे माझं काम. मुख्याध्यापकांचा दुपारी फोन आला: "भाऊ, चालू तर झालाय, पण भिंतीवर काय दिसंनाच."

दिसणार नव्हतंच. तो ऑगस्ट कोरडा गेला होता, आभाळ मोकळं, हॉलच्या खिडक्या पश्चिमेला आणि सूर्य मावळायला सातला दहा कमी. म्हणजे लँडिंगच्या वेळी ऊन सरळ आत. चित्र लावलं होतं 120 इंची, कारण भिंत तेवढी होती. लोक आधी भिंत मोजतात. उजेड कोणीच मोजत नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत 9000 ल्युमेन्स, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात 300 एएनएसआय ल्युमेन्स. खरा आकडा हा दुसरा. पडद्याचे नऊ चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजतात, सरासरीला क्षेत्रफळाने गुणतात, तेव्हा तो मिळतो. पहिला आकडा कंपनीच्या मर्जीचा. तसंच 'फोर-के सपोर्ट'चं: फोर-के फाइल चालते एवढाच त्याचा अर्थ, चित्र बनवणारं आतलं पॅनेल 1920 बाय 1080 ठिपक्यांचंच. नवीन प्रोजेक्टर घेताना 'एएनएसआय' आणि 'नेटिव्ह' (म्हणजे पॅनेलचे स्वतःचे खरे ठिपके) हे दोन शब्द शोधावेत. दोन्ही सापडले नाहीत तर खोकं परत करावं.

आता हिशोब. 120 इंची चित्र म्हणजे साधारण 4 चौरस मीटर. 300 ल्युमेन तेवढ्यावर पसरले की हाती येतात 75 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 75 ल्युमेन. माझ्या मीटरवर त्याच भिंतीवर खिडक्यांचा उजेड 200 लक्स भरत होता. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, भिंत जेवढी उजळ तेवढाच त्याचा काळा उजळ. 75 अधिक 200 म्हणजे 275, त्याला 200 ने भागा: पांढरा आणि काळा यांत दीडपटीचाही फरक नाही. त्यात चंद्राचं चित्र, म्हणजे बहुतेक काळंच.

उपाय दोनच, खोली काळी करणे आणि चित्र लहान करणे. शाळेने निळी ताडपत्री काढून ठेवली होती. ती उजेड अडवत नाही, निळा करून आत सोडते. मग शिपाईमामांनी शेतातून मल्चिंग पेपरचा उरलेला रोल आणला, चार फुटी, एक बाजू काळी, एक चंदेरी. चंदेरी बाजू बाहेर, कारण ती ऊन परतवते, आणि काळी आत. एक थर लावला तर सुयांएवढ्या भोकांतून ऊन येत होतं, म्हणून दुहेरी लावला. शाळेच्या सगळ्या खर्चात सर्वांत कामाची वस्तू ही, आणि ती फुकट आली. भिंतीवरचा उजेड 200 वरून 30 लक्सवर उतरला. दारं मात्र उघडी ठेवली. दीडशे मुलं कोंडून मशीन थंड राहत नाही आणि मुलंही नाहीत.

भिंतीचा उपयोग नव्हता. शाळांच्या भिंतींना खाली चॉकलेटी ऑइलपेंट, वर पिवळट डिस्टेंपर. चादर पंख्याच्या वाऱ्याने हलते आणि तिच्यातून उजेड मागे निघून जातो. फ्लेक्सच्या दुकानातून 6 बाय 4 चा कोरा मॅट फ्लेक्स आणला, मागून काळा असलेला. चकचकीत घेतला की मध्यभागी पांढरा डाग पडतो आणि कडेला बसलेल्यांना चित्र फिकं दिसतं. वर रिंगांतून दोरी, खाली वजनाला बांबू. त्यावर 72 इंची चित्र नीट बसतं: रुंदी 1.59 मीटर, उंची 0.9. तेच 300 ल्युमेन आता 210 लक्स देतात. त्यात खिडक्यांचे 30 मिळवले की 240, भागिले 30, आठ पट. पडद्यावरच्या माणसांच्या कातडीचा रंग ओळखू येतो, आकडे वाचता येतात.

पडद्यापासून प्रोजेक्टरचं अंतर पुस्तिकेतल्या थ्रो रेशोवरून काढायचं. इथे तो 1.25 होता, म्हणजे रुंदीच्या सव्वापट, दोन मीटर. उंचीचं कोणी बघत नाही. या मशीनची लेन्स चित्राच्या खालच्या कडेच्या रेषेत असावी लागते. सरांनी ते टेबलावर ठेवून पुढून डिक्शनरी खाली सारली होती आणि 'ऑटो कीस्टोन'ने चित्र चौकोनी करून घेतलं होतं. दिसायला सरळ, पण कीस्टोन म्हणजे पॅनेलच्या कडा न वापरणं. पिक्सेल गेले, उजेडही गेला, अक्षरं मऊ झाली. टेबलावर बाक चढवला, लेन्स साडेचार फुटांवर आली, कीस्टोन शून्य.

शिवाय सेटिंगमधलं एक बटण बंद केलं: हलताक्षणी फोकस आणि कीस्टोन आपोआप जुळवणारं. कोणाचा धक्का लागला की चित्र जाऊन ठिपक्यांची नक्षी येते आणि पाच-सात सेकंद तीच राहते. लँडिंगच्या वेळी ती आली असती तर दीडशे मुलं माझ्याकडे वळून बघत बसली असती. फोकसही हाताने केला, तोही मशीन पंधरा मिनिटं तापल्यावर. गरम झालं की लेन्स थोडी सरकते. चालू केल्याबरोबर आलेला सॉफ्टवेअर अपडेट 'नंतर' वर टाकला. कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट कधीही करू नये, मग तो कितीही गोड विचारत असो.

एका तरुण शिक्षकांनी फोन टाइप-सी केबलने जोडायचा खटाटोप चालवला होता. त्या फोनच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर येतच नाही, बऱ्याच स्वस्त फोनचं हेच. लॅपटॉपला एचडीएमआय, फोनचं इंटरनेट यूएसबीने, यूट्यूब 480 वर बांधून ठेवलं. टॉवर एक आणि अख्खं गाव तेच बघणार. आवाज ब्लूटूथने दिला तर ओठ आधी आणि शब्द नंतर, म्हणून हेडफोनच्या भोकातून शाळेच्या अॅम्प्लिफायरला वायर. घूं असा आवाज आला. लॅपटॉपचा चार्जर काढला, गेला. बॅटरी भरलेली होती, तेवढ्यावर भागलं.

5 वाजून 20 मिनिटांनी इस्रोचं प्रक्षेपण सुरू झालं. चित्र थांबलं नाही. पण टाळ्या आधी शेजारच्या घरांतून आल्या, मग आमच्या पडद्यावर लँडर उतरला. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, दूरदर्शनवाल्यांना ते आधी दिसतं. पुन्हा असं काही असलं तर शेजारचा फ्री डिशचा बॉक्स उचलून आणायचा, पिवळी-लाल-पांढरी वायर सोबत ठेवायची.

माझ्या डोक्यात मात्र मागच्या रांगा घोळतात. अक्षरं वाचायची तर चित्राच्या उंचीच्या सहा पटीपलीकडे बसू नये, म्हणजे साडेपाच मीटर. हॉल बारा मीटर लांब. मागच्या अर्ध्या मुलांना चित्र दिसलं, वेग-उंचीचे आकडे नाहीत. विज्ञानाच्या बाई माइकवर ते वाचून सांगत राहिल्या आणि त्यांच्यामुळे निभावलं. चित्र मोठं केलं असतं तर ते पुढच्यांनाही फिकं दिसलं असतं, हे आकड्यांनी पक्कं आहे. तरी दिवसा चालवायच्या शाळेला प्रोजेक्टर द्यावाच का? त्या पैशांत मोठा टीव्ही आला नसता कदाचित, पण हॉलच्या मध्यावर ठेवलेला साधा टीव्हीसुद्धा खिडकी उघडी असताना दिसतो. देणाऱ्यांना भिंतभर चित्राचा फोटो हवा असतो, ही खरी अडचण.

साडेसातला देणगीदार आले. बाहेर काळोख झाला होता. त्यांच्या आग्रहाने तेच मशीन 120 इंचावर लावलं, डिस्टेंपरच्या भिंतीवर, आणि लँडिंग परत दाखवलं. झकास दिसलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मग मघाशी एवढं बारकं का लावलं होतं?" मी मीटर दाखवला, 200 आणि 75 समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खोकं माझ्यापुढे धरलं. "पण यावर तर 9000 लिहिलंय की."