पट्टीवरचं वजन

रविवार, रात्रीचे अकरा

आज ठाण्याला उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी अचानक साक्ष द्यायला उभं केलं. पुढच्या महिन्यात तिघांचा बाप्तिस्मा आहे, त्यांनी ऐकावं म्हणून. "ख्रिस्ती झाल्यावर आयुष्यात काय बदललं, पाच मिनिटांत सांगा." उभा राहिलो, प्रभूची स्तुती असो म्हणालो, नोकरी गेली तरी घर चाललं एवढं सांगून बसलो. सगळ्यांनी आमेन म्हटलं. पण परतताना लोकलमध्ये जिवाला चैन पडेना. जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नव्हतं. म्हणून आता वही काढलीय.

वडील माथाडी. आधी मशीद बंदरला गोण्या वाहिल्या, मग बाजार वाशीला हलला तसे आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलो. त्यांच्या मानेखालची कातडी गोणी घासून घासून काळी, जाड झाली होती. लहानपणी मी तिथे तेल लावून द्यायचो. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी टोळीत पेढे वाटले. पोरगा गोणी उचलणार नाही, गोणीचा हिशेब लिहिणार, म्हणून. कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी मेहताजी म्हणून लागलो.

आणि हिशेब लिहिला तो असा. मापाडी काट्यावर गोणीचं वजन सांगायचा, त्रेपन्न किलो. मी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदावर, बावन्न लिहायचो. पुढे त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं कापायचं. तेव्हा अडतही, म्हणजे गाळेवाल्याची दलाली, शेतकऱ्याच्याच पट्टीतून जायची, ती खरेदीदाराकडे गेली २०१६ साली. एवढं सगळं कापून झाल्यावर हातात पडणाऱ्या रकमेत गोणीमागे एक किलो कुठे गेला, ते कोण शोधणार? शेठला ठाऊक होतं. दिवाळीला मला वेगळं पाकीट मिळायचं. बापाने जी गोणी पाठीवर वाहिली, तिच्यातूनच मी किलो किलो काढत होतो. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय.

आमच्या गाळ्यासमोर तोलायला असायचे ते मापाडीकाका नगरकडचे, ख्रिस्ती. ते मला कधीच काही बोलले नाहीत. फक्त वजन मोठ्याने ओरडायचे, "त्रेपन्न किलो, दोनशे ग्रॅम!" शेतकऱ्याच्या कानावर पडेल असं. मला राग यायचा. एकदा चहाच्या टपरीवर विचारलंच, एवढं ओरडता कशाला? त्यांनी दुसऱ्या दिवशी बायबलमधला नवा करार आणून दिला. म्हणाले, लूकचा एकोणिसावा अध्याय वाच.

जक्कयाची गोष्ट. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. गर्दीतून येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढतो. तुर्भे स्टेशनच्या बाकावर बसून वाचली. मला वाटलं होतं, आता येशू त्याला खडसावणार. येशू पैशाबद्दल एक शब्द काढत नाही. वर बघून म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. पैशाची गोष्ट जक्कय स्वतःहून काढतो. अर्धं गोरगरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. मी ते पान किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. चोराच्या घरी आधी पाहुणा जातो आणि चोरी मागाहून सुटते, हा क्रम मी आयुष्यात कुठे पाहिला नव्हता. मला कुणी सुधार म्हणालं असतं तर मी सुधारलो नसतो.

बाप्तिस्मा घेतला २०१३च्या डिसेंबरात, नाताळाच्या आधीच्या रविवारी. पाण्यातून वर आलो तेव्हा खूप रडलो. आणि त्यानंतरही आठ महिने पट्टीवर बावन्नच लिहीत राहिलो.

आज त्या तीन मुलांना हे सांगायला हवं होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त भेटला तो बऱ्याच वर्षांनी, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढी विद्वान बाई, तिलाही वेळ लागला. मग मी कोण?

ऑगस्टमध्ये ओतूरचे एक म्हातारे शेतकरी पट्टी घ्यायला आले. पाऊस होता, डोक्यावर प्लॅस्टिकची गोणपाटासारखी खोळ. पट्टी घेतली, घडी घातली, कपाळाला लावली आणि बंडीच्या खिशात ठेवली. लक्ष्मी म्हणून लावतात तशी. शंभर वेळा पाहिलं असेल हे मी. त्या दिवशी मात्र माझ्या हाताला कंप सुटला. त्यांच्या मागे पळत गेलो, पट्टी परत मागितली आणि तिथेच गाडीच्या आडोशाला नवी लिहून दिली, खऱ्या वजनाची. त्यांना वाटलं माझी बेरीज चुकली होती. "मेहताजी, व्हतं असं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेठने मला घरी बसवलं. त्याला दोष देत नाही. इतकी वर्षं लेखणी माझ्या हातात होती.

मग जुन्या वह्यांवरून नावं काढली. जी सापडली ती ४१. रक्कम निघाली ४७ हजारांच्या आसपास. मोटारसायकल विकली, बाकीचे तुर्भे एमआयडीसीतल्या गोदामात नवीन काम लागल्यावर थोडे थोडे साठवले. चौपट जमलं नाही. एकपट जमतंय, तेसुद्धा अजून पुरतं नाही.

आईचं लिहायलाच हवं. बाप्तिस्मा मी तिला न सांगता घेतला होता, ती माझी दुसरी चोरी. पितृपक्षात वडिलांचं पान ठेवायला मी बसलो नाही तेव्हा तिला कळलं. चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांची आठवण यायची. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्या माउलीने कशी काढली ते त्यांनीच लिहिलंय. टिळकांची गाणी आम्ही दर रविवारी 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातून म्हणतो, पण मला त्या काळात दाराच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या बाईचीच जास्त कणव यायची. माझ्या घरात आई तिथे उभी होती. तिच्या देव्हाऱ्याला मी कधी हात लावला नाही. चंपाषष्ठीला भरताची वांगी मीच आणतो. मंडळीतल्या एकदोघांना ते खटकतं. खटको. आईला दुखावून प्रभू प्रसन्न होतो असं मला वाटत नाही.

जुन्नरकडची गावं तिच्या माहेरची. पैसे द्यायला ओतूरला निघालो तेव्हा पहिल्यांदा तिने तोंड उघडलं, "तुला गाव सापडायचं न्हाई, मी येते." माळशेज घाटात सगळी वाट ती गप्प होती. ते म्हातारे वारले होते. घरी त्यांच्या कारभारीण. मी ओट्यावर बसून सांगायला लागलो आणि आवाजच फुटेना. आईने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उठून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "माज्या पोरानं खाल्लंय बाई तुमचं. माज्या हातानं घ्या." दोघी रडल्या. परत येताना एसटीत तिने शिदोरी सोडली आणि भाकरीचे दोन तुकडे केले, एक मला, एक तिला. चार महिन्यांनी आम्ही एकत्र जेवलो.

सगळीकडे असं झालं नाही. आळेफाट्याच्या एकाने अंगणातून हाकलून दिलं, शिव्या दिल्या, पैसे घेतले. योग्यच केलं त्याने. दोघांनी घेतलेच नाहीत. काहींची मुलं पुण्याला, फोन लागत नाहीत.

माझा रक्तदाब होता तसाच आहे. रागही पटकन येतो. पण रात्री झोप लागते, आणि पूर्वी मार्केटच्या गेटवर शेतकरी समोर आला की नजर खाली जायची, ती आता जात नाही.

आज उपासनेनंतर स्टेशनकडे न जाता मासुंदा तलावाला फेरी मारली. जवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, तिथे दोन मिनिटं थांबलो. याच ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंनी ख्रिस्तासाठी जीव दिला. त्यांच्याकडे प्रभूने जीव मागितला, माझ्याकडे कांद्याचे पैसे. तेवढ्यासाठी मला आठ महिने लागले, हे पुढच्या रविवारी त्या मुलांना सांगायचंय. पाच मिनिटांत बसलं नाही तर दहा मागून घेईन.

मापाडीकाका तीन वर्षांपूर्वी गेले. ४१ पैकी २९ नावांवर टिक झाली आहे. पुढचं नाव बेल्ह्याचं. मघाशी जेवताना आईने विचारलं, शनिवारी कल्याणहून पहिली एसटी कितीला सुटते म्हणून.