मशीनवरच्या फोटोतली बाई

"ही कोण हो?" माप द्यायला आलेली प्रत्येक बाई विचारते. मी नाव सांगते, मॅगी लीना वॉकर, अमेरिकेतल्या रिचमंडची. मग पुढचा प्रश्न ठरलेला: आपल्या सावित्रीबाई सोडून ही का? अहो, सावित्रीबाई आतल्या खोलीत आहेत, चांगल्या फ्रेममध्ये. ही झेरॉक्सवाल्याकडून काढलेली साधी प्रिंट. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगते.

हिची आई लोकांची धुणी धुवायची आणि ही पोर ते कपडे गोऱ्यांच्या घरी पोचवायची. मोठेपणी, 1903 साली, हिनंच काळ्या माणसांसाठी बँक काढली: सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक. बचत गटाच्या मेळाव्यात मी हे सांगायचे तेव्हा टाळ्या पडायच्या. पण फोटो बँकेसाठी लावलेला नाही. आणि मोबाईलमध्ये बघून "हिच्या मुलानं बापाला गोळी घातली ना?" असंही विचारू नका. 1915 साली चोर समजून घातली, कोर्टानं सोडलं. त्या घरावर काय गुजरली असेल ते आपण बोलून काय होणार?

फोटो आहे तो तिच्या दुकानासाठी. 1905 साली तिनं ब्रॉड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या पेठेत, कापडचोपडाचं मोठं दुकान काढलं, सेंट ल्यूक एम्पोरियम. काउंटरवर काळ्या मुली. एरवी त्यांच्या नशिबी धुणीभांडीच असायची. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकी करून घाऊकवाल्यांना दम दिला, यांना माल द्यायचा नाही. ते एक वेळ समजतं. पण गिऱ्हाईकही पुरेसं येईना. 1906 साली तिनं आपल्याच लोकांना सुनावलं: तुम्ही त्यांच्या दुकानात पैसे टाकता म्हणजे आपल्यालाच खाणाऱ्या सिंहाला चारता. तरी सहा-सात वर्षांत दुकान बंद झालं. बँक तगली, दुकान नाही.

आमचंही नाही तगलं. गटातल्या अकरा जणींनी मिळून गाळा घेतला होता: परकर, झबली, शाळेचे युनिफॉर्म. जूनचा महिना होता. आमच्याच गटातल्या एक मावशी कर्जाचा हप्ता भरायला आल्या. पदराखाली काहीतरी धरलेलं. पैसे मोजताना पदर सरकला आणि मॉलची पिवळी पिशवी दिसली, आत नातवाचा युनिफॉर्म. दुकानात चार बायका होत्या. मी म्हटलं, "मावशी, हप्ता आमच्याकडे आणि खरेदी तिकडे? सिंहाला चारताय." त्यांना कुठला सिंह कळणार? त्यांनी पिशवी सावरली, उरलेले वीस रुपये काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "तिथं दोन घेतले की एक फुकट आहे गं. मला तीन नातवंडं आहेत." चप्पल घालताना त्यांना दाराला धरावं लागलं. पुढचे हप्ते सुनेच्या हातानं आले. मावशी आल्या नाहीत.

तेव्हा मला वाटलं होतं, मी बरोबर बोलले. तसं बघितलं तर अजूनही वाटतं. अकरा घरं त्या गाळ्यावर होती, आणि जी ती स्वस्त बघायला लागली तर आम्ही शिवायचं कुणासाठी? पण रात्री हिशोब मांडते तेव्हा तीन नातवंडं आठवतात. मॅगीबाईंनाही असं कुणी ऐकवलं असेल का? रिचमंडच्या त्या बायका दुसऱ्याची धुणी धुऊन पैसा आणत होत्या. त्यांनी जिथं दोन सेंट वाचतील तिथं जायचं नाही? गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवलं की आपल्या दुकानाचे भाव बघावे लागत नाहीत, हेही खरं. मग फोटो काढून टाकावा म्हणते. आणि लगेच वाटतं, काढला तर घाऊकवाल्यांना दम देणारे जिंकले.

चार वर्षांनी आम्ही गाळा सोडला. रॅक भंगारात गेले, मशीन माझ्या वाट्याला आलं. मावशींच्या घरी जायचं राहिलंय. वाटेत त्यांची सून भेटते, "बऱ्या आहेत" म्हणते, मीही पुढे विचारत नाही.

आणि परवा माझ्या नातीच्या युनिफॉर्मचं कापड मी ऑनलाईन मागवलं. साडेतीनशेला पडलं. इथं पेठेत चारशे वीस सांगत होते.